सायप्रसचा खारा पाव घरच्या ओटीजीत: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सायप्रस बेटावरच्या लिमासोल शहरात पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बेकरीतून ऑलिव्हचा पाव घेतला. रस्त्यात चालता चालता मोठा घास घेतला आणि दाढेखाली कडकन वाजलं. ऑलिव्हची अख्खी बी. वाटलं, चुकून राहिली असेल. पुढच्या घासाला दुसरी आली. घरी येऊन खालच्या मजल्यावरच्या आजींना पाव दाखवला, तर त्या पोट धरून हसल्या. सायप्रसमध्ये आजीला याया म्हणतात, आम्हीही त्यांना यायाच म्हणायचो. त्यांचं म्हणणं असं, की बी काढली की ऑलिव्हचं पाणी पावात उतरतं आणि पाव आतून गिच्च होतो. म्हणून जुनी माणसं बी तशीच ठेवतात, आणि खाणाऱ्यानं सांभाळून खायचं.

मी जहाजावरचा इंजिनियर. लिमासोलला जहाजं सांभाळणाऱ्या कंपन्या भरपूर, तशाच एका ऑफिसात चार वर्षं होतो. पुण्याला परतल्यावर तो पाव आठवून करायला घेतला आणि सलग पाच पाव बिघडवले. एक खारट, एक मधोमध कच्चा, एकात सारण खाली बसून वर पोकळी. सहाव्याच्या वेळी यायांचं ते बीचं बोलणं आठवलं. या पावात मीठ आणि पाणी सारणातूनही येतं, आणि ते हिशेबात धरून पीठ भिजवावं लागतं. मी नेहमीचा पाव करायचो आणि त्यात ऑलिव्ह कोंबायचो, तिथेच घोळ होता.

खाली दोन पाव आहेत, पण पीठ एकदाच मळायचं. अर्ध्याचा ऑलिव्हचा, म्हणजे एलिओपिता. अर्ध्याचा हलूमी चीजचा, त्याला तिकडे हलूमोती म्हणतात. बेटाच्या उत्तरेकडच्या तुर्की बोलणाऱ्या सायप्रसी लोकांकडेही हेच दोन्ही पाव आहेत, नावं तेवढी वेगळी: झेयतिनली आणि हेलिमली. 1974 पासून बेटाचे दोन भाग झालेत. राजधानी निकोसियातल्या लेद्रा स्ट्रीटवरून 2008 पासून पासपोर्ट दाखवून पायी पलीकडे जाता येतं. मी दोन्हीकडचे पाव खाल्लेत आणि डोळे मिटून कुठला कुठला ते मला सांगता आलं नसतं.

आणखी एक. हे दोन पाव यायांच्या घरी एकाच दिवशी कधी होत नसत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास असतो, त्यात मांस, दूध, चीज, अंडी बंद. त्या दिवसांत ऑलिव्हचा पाव, आणि त्यात कांदा, कोथिंबीर सगळं चालतं. आमच्या आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कांदा घालून कसला रे उपवास. हलूमीचा पाव मात्र उपवास सुटल्यावरच. आपण एका पिठात दोन्ही करतो आहोत, कारण नवशिक्याला एकाच दिवशी दोन धडे मिळतात.

काय काय लागेल

पिठासाठी:
- मैदा 400 ग्रॅम
- बारीक बन्सी रवा 100 ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम (सपाट 2 चहाचे चमचे)
- साखर 1 चमचा
- मीठ 5 ग्रॅम, त्याहून जास्त नाही
- ऑलिव्ह तेल 40 मिली
- कोमट पाणी साधारण 290 ते 300 मिली

ऑलिव्हच्या सारणासाठी:
- काळी ऑलिव्ह, बी काढून 120 ग्रॅम
- 1 मध्यम कांदा
- बारीक चिरलेली कोथिंबीर अर्धी वाटी
- वाळलेला पुदिना अर्धा चमचा
- ऑलिव्ह तेल 1 मोठा चमचा

हलूमीच्या पावासाठी:
- हलूमी 125 ग्रॅम
- वाळलेला पुदिना दीड चमचा

वरून लावायला:
- पांढरे तीळ 4 मोठे चमचे
- कलौंजी 1 चमचा
- बारीक बडीशेप अर्धा चमचा

साधनं: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, लाटणं, मोठं पातेलं, बटर पेपर, ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) किंवा ओव्हन, जाळी. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळाला तर जरूर घ्या. माझ्या ओटीजीची खुंटी 200 वर असते तेव्हा आत 175 असतं, हे तो घेतल्यावर कळलं. पाच बिघडलेल्या पावांपैकी दोन तरी त्या खुंटीच्या खात्यावर आहेत.

वाटी-चमच्याच्या मापानं करू नका. मैद्याची वाटी दाबून भरली की सैल, यातच 30-40 ग्रॅमचा फरक पडतो.

1. खरेदी करताना इथे फसू नका

ऑलिव्ह. आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतात त्या डब्यातल्या काळ्याभोर, एकसारख्या चकत्या, पिझ्झ्यावर असतात त्या. त्या घेऊ नका. ती कच्ची फळं असतात, क्षारात मुरवून, हवा खेळवून काळी केलेली. तो रंग टिकावा म्हणून त्यात लोहाचा क्षार घालतात. लेबलवर 579 हा आकडा दिसला तर समजा. त्यांना चव जवळजवळ नसते, पाणी मात्र भरपूर असतं. कालामाता लिहिलेली जांभळट ऑलिव्ह घ्या, किंवा मिठात सुकवलेली, सुरकुतलेली काळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. सायप्रसच्या घरांत तीच सुरकुतलेली वापरताना मी पाहिली. तिच्यात पाणी कमी असतं, म्हणून पाव आतून गिच्च होत नाही.

बी ठेवायची की काढायची? काढा. यायांची माफी मागून सांगतो, आपल्या लोकांना सवय नाही आणि दातांचे डॉक्टर महाग आहेत. बरणीतलीच, पण अख्खी, बीसकट असलेली ऑलिव्ह घेऊन घरी बी काढा. पोळपाटावर ठेवून वाटीच्या बुडानं दाबलं की बी सुटते. आधीच बी काढून बरणीत भरलेल्या ऑलिव्हच्या पोकळीत खारं पाणी साठलेलं असतं.

हलूमी. हे सायप्रसचं चीज, मेंढीच्या आणि शेळीच्या दुधाचं, हल्ली त्यात गाईचंही दूध असतं. 2021 मध्ये युरोपियन युनियननं हलूमी आणि त्याचं तुर्की नाव हेलिम ही दोन्ही नावं सायप्रसच्या नावावर राखून ठेवली, म्हणजे तिथल्या बाजारात दुसऱ्या देशाच्या चीजला ती लावता येत नाहीत. ते वितळत नाही, कारण दूध गोठून चोथा झाल्यावर तो 90 अंशांहून गरम निवळीत शिजवतात. मग मीठ आणि पुदिना लावून वडी दुमडतात. मोठ्या शहरांतल्या दुकानांत आयात केलेलं मिळतं, आणि इथले काही चीजवालेही तसं बनवतात. कुठलंही घ्या, पाकिटावरचं मीठ वाचा. 100 ग्रॅममध्ये अडीच ते तीन ग्रॅम असतं.

पनीर चालेल का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. पनीरही वितळत नाही, त्यामुळे पाव होतो. पण ते अळणी आणि भुसभुशीत, मळताना त्याचा चुरा होतो. करायचंच असेल तर घट्ट पनीर घ्या. अर्धा लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात रात्रभर फ्रीजमध्ये बुडवून ठेवा. सकाळी कापडात गुंडाळून वजनाखाली दोन तास दाबा, मग तुकडे करून तव्यावर कडा सोनेरी करून घ्या. पाव छान लागतो. त्याला पनीरचा पाव म्हणा म्हणजे झालं.

पुदिना. वाळलेलाच हवा. ताजा घातला की भाजताना काळा पडतो आणि चवीला गवत लागतो. आपल्या बाजारातला पुदिनाच चालतो. पानं धुऊन, टिपून, वर्तमानपत्रावर पंख्याखाली दोन दिवस पसरा. उन्हात नको, वास उडतो. हातानं चुरा.

बन्सी रवा. सायप्रसमध्ये खेड्यातल्या पावाचं पीठ कडक गव्हाचं, किंचित पिवळसर असतं. त्या जातीचा गहू म्हणजे आपला बन्सी, ज्याला ड्युरम म्हणतात. म्हणून मी मैद्यात त्याचा रवा घालतो. पावाला चावा येतो, आणि कापताना तुरीच्या वरणासारखा पिवळसरपणा दिसतो तो वेगळाच. बन्सी न मिळाल्यास साधा बारीक रवा घ्या.

ऑलिव्ह तेल. पोमेस लिहिलेलं तेल भाजी परतायला ठीक, इथे नको. त्याला वास नसतो, आणि इथे तेल वासासाठीच आहे.

2. सारण आधी, पीठ नंतर

बहुतेक जण उलट करतात. पीठ फुगत ठेवून कांदा परतायला घेतात आणि गरम सारण गार पिठावर पसरतात. त्यानं यीस्ट जागोजागी मरतं आणि पिठाला पाणी सुटतं. सारण आदल्या रात्री केलं तर उत्तमच.

ऑलिव्ह दोन पाण्यांनी धुवा. सुरकुतलेली असतील तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यात ठेवा आणि एक चाखून बघा. नुसती खाता आली पाहिजे. जिभेला झोंबली तर अजून पंधरा मिनिटं. मग जाडसर चिरून सुती पंचावर पसरा, वरून दुसरा पंचा दाबा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. पंचावर पडलेला ओला डाग बघा. तेवढं सगळं पाणी तुमच्या पावात जाणार होतं.

कांदा उभा पातळ चिरून तेलात मंद आचेवर परता. लाल करायचा नाही, पण पाणी पूर्ण आटलं पाहिजे. कालथ्यानं कढईत बाजूला सारल्यावर तळाशी ओल दिसली नाही की झाला. मीठ घालू नका. सवयीनं हात डब्याकडे जातो, माझाही जातो. गार झाल्यावर ऑलिव्ह, पुदिना आणि अगदी कोरडी केलेली कोथिंबीर मिसळा.

कोथिंबीर वाचून दचकू नका, ती मी पुण्यात येऊन घुसवलेली नाही. ग्रीसमध्ये ताजी कोथिंबीर फारशी कोणी खात नाही, सायप्रसमध्ये मात्र जुड्याच्या जुड्या विकल्या जातात. ठेचलेल्या हिरव्या ऑलिव्हवर तर तिथे धणे चुरडून घालतात. मला त्या बेटावर पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते भाजीबाजारात, कोथिंबीर आणि अळकुड्या शेजारीशेजारी बघून.

हलूमीचं सोपं आहे. पाकिटातलं पाणी फेका, वडी धुवा, पुसा, करंगळीच्या पेराच्या निम्मे तुकडे करा आणि पंचावर ठेवा. तळू नका.

3. पीठ भिजवणं

रवा 100 मिली कोमट पाण्यात भिजवून वीस मिनिटं ठेवा. हे टाळलं तर रवा नंतर पिठातलं पाणी ओढत राहतो आणि पाव कोरडा होतो.

मैदा, यीस्ट, साखर एकत्र करा. भिजलेला रवा, तेल आणि उरलेलं पाणी घाला, पण शेवटचे 20-30 मिली हातात राखून. नुसतं एकत्र करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग 5 ग्रॅम मीठ भुरभुरून दहा ते बारा मिनिटं मळा. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. सुरुवातीला हाताला चिकटेल, तेव्हा मैदा भुरभुरू नका. तेलाचा हात लावून मळत राहा, पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते आपोआप सुटायला लागतं.

500 ग्रॅम पिठाच्या नेहमीच्या पावात मी 9 ते 10 ग्रॅम मीठ घालतो. इथे निम्मं. उरलेलं ऑलिव्ह आणि हलूमी आणतात.

यीस्टबद्दल थोडं. सुटं, पुड्या बांधून विकलेलं यीस्ट बऱ्याचदा मेलेलं असतं. शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाणी, चिमूट साखर आणि थोडं यीस्ट घालून दहा मिनिटं बघा. फेस आला नाही तर फेकून द्या, पिठावर आशा ठेवू नका. पाणी मनगटावर टाकलं तर जाणवू नये इतपतच कोमट.

खेड्यांत यीस्ट नव्हतं तेव्हा आंबवलेल्या पिठाचा गोळा राखून ठेवायचे, त्याला प्रोझिमी म्हणतात. 14 सप्टेंबरला क्रुसाचा सण असतो, त्या दिवशी चर्चमधून आणलेल्या वासिलिकोच्या, म्हणजे तुळशीच्या कुळातल्या झाडाच्या, काडीनं नवं आंबवण लावायची रूढी आहे. पण पहिल्या पावाला हा खटाटोप नको.

4. फुगवणं

तेलाचा हात लावलेल्या पातेल्यात गोळा झाकून ठेवा. दुप्पट व्हायला किती वेळ, ते घड्याळ सांगू शकत नाही. पुण्याच्या मे महिन्यात माझ्या ओट्यावर चाळीस मिनिटांत होतो. डिसेंबरात दीड-दोन तास. तुम्ही थंड देशात असाल तर ओव्हनमधला नुसता दिवा लावून आत ठेवा.

या पिठात मीठ कमी असल्यामुळे ते नेहमीच्या पावापेक्षा लवकर फुगतं. मीठ यीस्टला लगाम घालतं, इथे तो लगाम सैल आहे. उन्हाळ्यात गोळा ठेवून बाजारात गेलात तर परत येईपर्यंत आंबूस वास आणि पडलेलं पीठ मिळेल. बोट टोचून बघा: खळगा हळूहळू अर्धा भरला तर तयार, अजिबात भरला नाही तर जास्त झालं.

5. ऑलिव्हचा पाव वळणं

पिठाचे वजनानं दोन सारखे भाग करा. एक झाकून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर तुम्ही पहिला वळेपर्यंत दुसरा हाताबाहेर जाईल.

पहिल्याची साधारण 30 बाय 25 सेंटिमीटरची चौकोनी पारी लाटा. मध्येच आक्रसायला लागली तर जोर करू नका, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग मऊ येते. सारण पातळ पसरा आणि चारही बाजूंना दोन बोटं कड मोकळी सोडा. आता अळूवडीचा उंडा वळतो तसा घट्ट वळत न्या. सैल वळला तर आत वाफ साठून थर सुटतात आणि कापल्यावर मध्ये बोगदा दिसतो. शेवटची कड पाण्याचं बोट फिरवून चिकटवा, टोकं दुमडून खाली घ्या, सांध्याची बाजू खाली ठेवून बटर पेपरवर ठेवा.

सारण उरलं तर उरू द्या. दुसऱ्या दिवशी पोळीला लावून खा. माझे दोन पाव फुटले ते उरलेलं वाया जाऊ नये म्हणून दडपल्यामुळे.

6. हलूमीचा पाव वळणं

इथे लाटणं नको. गोळा हातानं थापून पसरा. निम्मे तुकडे आणि निम्मा पुदिना भुरभुरा, घडीच्या पोळीसारखी घडी घाला, पुन्हा थापा, उरलेलं घाला, पुन्हा घडी. चार-पाच वेळा हलकं मळून गोल करा. तुकडे जागोजागी बाहेर डोकावतील, ते तसेच असू द्या. भाजल्यावर तेच तांबूस, कुरकुरीत होतात आणि घरात सगळ्यात आधी तेच गायब होतात.

बाजारात एक झटपट प्रकारही दिसतो: अंडी, दूध, बेकिंग पावडर घालून केकच्या भांड्यात केलेला. वाईट नसतो. पण तो खारा केक आहे.

7. तीळ चिकटवणं

कोरडे तीळ वरून टाकले तर अर्धे ट्रेमध्ये पडतात. तिकडे ते ओले करून लावतात. तीळ, कलौंजी, बडीशेप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळून पंचावर पसरा, ओलसर असतानाच पावावर हातानं दाबा. कलौंजीला तिथे मावरोकोक्को, म्हणजे काळा दाणा म्हणतात. बडीशेप जेवणानंतरची जाड नको, बारीक जातीची घ्या, नाहीतर वगळा.

आता पुन्हा झाकून ठेवा, उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं, थंडीत पाऊण तास. या वेळी दुप्पट व्हायची वाट बघू नका. दीडपट पुरे.

8. भाजणं

यायांच्या अंगणात मातीचा घुमटासारखा फुर्नो होता. आत ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्या जाळायच्या, घुमट तापला की निखारे बाहेर ओढायचे, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा, पाव आत सरकवून तोंड बंद. म्हणजे सुरुवातीला जबरदस्त उष्णता आणि मग हळूहळू उतरती. ओटीजीत तसंच करायचं.

वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून 230 अंशांवर वीस मिनिटं तापवा. धारदार पात्यानं ऑलिव्हच्या पावाला वरून तीन-चार आडव्या चिरा द्या, सारणाचा काळा थर दिसेल इतक्या खोल. हलूमीच्या पावाला एकच अधिक चिन्हासारखी चीर. पावावर पाणी फवारा, ओव्हनच्या काचेवर नको, तडकते. पाव सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा आणि लगेच 200 वर आणा.

35 ते 40 मिनिटं लागतात. छोट्या ओटीजीत वरचा रॉड पावाच्या फार जवळ येतो आणि पंधराव्या मिनिटालाच तीळ काळे पडू लागतात. तसं झालं तर वर फॉइलचा तुकडा सैलसर ठेवा, पण पाव बाहेर काढू नका. वरून रंग आला म्हणजे झाला असं धरू नका. सारणामुळे मधला भाग शेवटी शिजतो. उलटा करून बुडावर टकटक करा, पोकळ आवाज यायला हवा. सुईचा थर्मामीटर असेल तर मधोमध 94-95 अंश.

पहिला आत गेला की फ्रीजमधला दुसरा काढून वळायला घ्या. गार पिठाला दुसऱ्यांदा फुगायला जास्त वेळ लागतो, तोवर पहिला होतो.

कढईत मीठ घालून भाजता येतो का? दोनदा केला. तळ छान, वर पांढरा फटक. करायचाच असेल तर एका मोठ्याऐवजी लिंबाएवढे छोटे गोळे करा आणि शेवटी तव्यावर उलटून घ्या.

9. बाहेर काढल्यावर

जाळीवर ठेवा आणि किमान एक तास कापू नका. मला माहीत आहे तुम्ही कापणार. निदान हलूमीचा कापा. ऑलिव्हचा गरम कापला तर सारणातली वाफ बाहेर पडायच्या आधीच थर सुरीला चिकटून गोळा होतो, आणि तुम्हाला वाटतं कच्चाच राहिला.

बिघडलाच तर बहुधा यांपैकी काहीतरी असतं:

- वरून छान, मध्ये ओला गोळा: कांदा किंवा ऑलिव्ह ओली होती. पुढच्या वेळी वेळ वाढवू नका, पंचा बदला.
- बाजूनं फुटला: चिरा उथळ दिल्या, किंवा सांधा खाली ठेवला नाही.
- खारट: ऑलिव्ह चाखून न बघता घातली.
- विटेसारखा: यीस्ट मेलेलं, नाहीतर मैदा भुरभुरून भुरभुरून पीठ घट्ट झालं.
- फिका, अळणी: चीज ताजं, कमी मुरलेलं होतं. पिठात 1-2 ग्रॅम मीठ वाढवा.

10. खाणं आणि ठेवणं

तिकडे हा पाव जेवणाबरोबरचा नाही, मधल्या वेळचा आहे. काकडी, टोमॅटो, काळी कॉफी. बेकरीत सकाळी शाळेची मुलं आणि बांधकामावरचे लोक एकाच रांगेत तो घ्यायला उभे असतात. कोणी खात बसलं असेल आणि तुम्ही समोरून गेलात तर हाक येते, कोपियास्ते! आपल्या 'या जेवायला'चंच ते सख्खं भावंड. फरक इतकाच, की नको म्हटलं तर ते खरंच रागावतात.

ऑलिव्हचा पाव कापडात गुंडाळून दोन दिवस बाहेर राहतो, मुंबई-कोकणच्या दमटात एकच. हलूमीचा संध्याकाळनंतर फ्रीजमध्ये. प्लास्टिकच्या पिशवीत घातला की साल मऊ पडते. कापून गोठवलेला महिनाभर टिकतो, तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये हलूमी रबर होतं.

हे दोन जमले की हात शिवशिवायला लागतील. तेव्हा लगेच फ्लाऊनेकडे वळू नका. ईस्टरचा तो चीजभरला प्रकार मोहात पाडतो, पण त्याला खास फ्लाऊनेचं चीज, मस्तिक नावाचा डिंक आणि मेहलेपी, म्हणजे एका रानचेरीच्या बियांचा गर, एवढं लागतं. इथे यातलं एकही सहज मिळत नाही. मी पर्यायी वस्तू घालून केले. सुरेख दिसले. चव सामोशाची होती. त्यापेक्षा ओमोदोस गावच्या आर्कातेनाचा नाद लावून घ्या. त्या कडक कडबोळ्यांना यीस्ट लागत नाही, हरभरे आंबवून त्यावर येणाऱ्या फेसानं ती फुगवतात. आपल्या घरात हरभरे असतातच, आणि हवा तर आंबवायला तयारच बसलेली असते.

शिळ्या पावाचे बोटभर जाड तुकडे करून 100 अंशांवर दीड-दोन तास कोरडे होईपर्यंत ठेवा, डब्यात पंधरवडा टिकतात. हलूमीचे नीट कोरडे व्हायला अर्धा तास जास्त लागतो. चहात बुडवायला हलूमीचे चांगले लागतात. ऑलिव्हचे बुडवू नका, मी बुडवून बघितलंय.